पेंटर कशानं गेले?

चित्रकारांवरचे माहितीपट मी इतके पाहिलेत की आता त्यातलं मला काहीच खरं वाटत नाही. चित्रकार खिडकीतून बाहेर बघतो, तेही नाही. कुणी सांगितल्याशिवाय माणूस इतका वेळ खिडकीतून बाहेर बघत नाही हो! मग तो बेसिनमध्ये ब्रश धुतो, रंगाचं पाणी गोल गोल फिरत जातं, मागे सतार वाजते. त्यानंतर पुस्तकांच्या कपाटापुढे बसलेले एक समीक्षक येतात आणि 'अवकाश' हा शब्द वापरतात. पुण्यात आमचा एक छोटा महोत्सव असतो, फक्त कलेवरच्या आणि कलावंतांवरच्या फिल्म्सचा. निवड करायला आम्ही चौघं बसतो, आणि त्यात संशय घ्यायचं खातं माझ्याकडे आहे असं बाकीचे तिघं म्हणतात. म्हणोत बापडे.

यंदा आलेल्या ढिगात एक फिल्म दौंड तालुक्यातल्या राहू गावची होती. सुदाम पेंटर नावाचे एक म्हातारे गृहस्थ, जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणारे, आणि पाट्या रंगवता रंगवता गुपचूप अमूर्त चित्रं काढणारे. चित्रं सुरेख होती, नाही कशाला म्हणू? प्लायच्या फळ्यांवर लाल-पिवळ्या-निळ्या रंगांचे फटकारे, एकावर एक चढलेले, कुठे जाड कुठे पुसट, आणि कुठेही उगीच नटवेपणा नाही. शेवटी पडदा काळा झाला आणि अक्षरं उमटली, की चित्रीकरण चालू असतानाच या कलावंताचं निधन झालं. मग त्यांच्या पत्नीचा चेहरा, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "घर खायला उठतं वो," ती माउली म्हणाली. माझ्या शेजारच्या दोघांनी डोळे पुसले. मी म्हटलं, "जरा मागं घ्या बरं."

बाईंच्या कपाळावर टिकली होती, गळ्यात काळी पोत होती. आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, अगदी कडेला, विळीचं पातं आणि अर्धा कांदा.

"अहो, तुम्ही कुठल्या काळात वावरता? नवरा गेल्यावरही टिकली लावतात आता बायका," आमच्यातली सगळ्यात तरुण सभासद मला म्हणाली. लावतात, आणि लावावीच. पण कांद्याचं काय? शिवाय फिल्मच्या पाठोपाठ मुंबईतल्या एका मोठ्या दालनात 'दिवंगत' सुदाम पेंटरांच्या चित्रांचं प्रदर्शन लागणार होतं. म्हणजे म्हातारा गेला की सगळं कसं बैजवार जमून येणार होतं. इतकं जमून आलेलं मला पचत नाही. आणि उद्या आमच्या पडद्यावर एखाद्या जित्याजागत्या माणसाला आम्ही मारून टाकलं, तर तोंड कुठे लपवायचं? मी म्हटलं, निवड दोन दिवस थांबवा, मी बघून येते.

राहू

सोलापूर रस्त्यानं यवतपर्यंत काही सांगण्यासारखं नाही. यवतला डावीकडे वळल्यावर मात्र ऊस सुरू होतो तो संपत नाही, आणि काचा बंद असल्या तरी गुऱ्हाळाचा वास आत येतो. एका गुऱ्हाळापाशी थांबले. कढईभोवती उत्तरेकडची माणसं राबत होती. एकानं मला वाटीत काकवी दिली, वर "अम्मा, गरम है" अशी ताकीद. मी ती ऐकली नाही आणि जीभ भाजून घेतली. ढेपा पिवळ्याधमक दिसत होत्या. पुण्यात आम्ही काळा गूळ चांगला म्हणून शिकलो आहोत, त्यामुळे मी मालकांना विचारलं, यात काही पावडर-बिवडर घालता का? त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बाई, आधी खाऊन बघा," ते म्हणाले, "मंग पोलिसात द्या." मी ढेप घेतली. घरी आणून खाल्ली, उत्तम आहे, तरी माझी शंका फिटलेली नाही.

सुदाम पेंटरांचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. शटर खाली, त्यावर त्यांचंच नाव, असं डौलदार वळणाचं की वाचायच्या आधी बघत राहावं. शेजारी पंक्चरचं दुकान. तिथला माणूस ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

"सुदाम पेंटर कुठं भेटतील?" मी विचारलं.

"पेंटर व्हय?" त्यानं मान वर न करता सांगितलं, "पेंटर गेले ना."

इतक्या लांब मी एका मेलेल्या माणसावर संशय घ्यायला आले होते, आणि त्याच्या बायकोच्या डोळ्यांतलं पाणी मी कांद्यावर ढकललं होतं. शरमेनं कानशिलं तापली.

"कधी गेले?"

"दिवाळीच्या आगुदर. दुकान वाढवलं, चावी माझ्यापाशी दिली आन् गेले."

चावी शेजाऱ्याला देऊन मरणारा माणूस माझ्या ऐकिवात नव्हता. तरी रीत म्हणून मी आवाज खाली आणला आणि विचारलं, "कशानं गेले हो?"

"यष्टीनं," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिले, तोही माझ्याकडे. मग ही बाई जरा मंद असावी असं समजून त्यानं सावकाश फोड करून सांगितलं. "शिरूरला. लेकीकडं. चौफुल्याला गाडी बदलाय लागती."

"त्या फिल्मवाल्यांनाही तुम्ही असंच सांगितलंत?"

"असंच की. म्या म्हनलं, पेंटर गेले, तर त्यो डायरेक्टर एकदम हात जोडून, मान खाली घालून हुबा. म्या म्हनलं, बाकी कायबी असू द्या, पोरगं मान लई देतंय."

हसू की रडू कळेना. मी हसले. पण गाडी परत पुण्याकडे वळवली नाही, कारण अजून फळ्या बाकी होत्या. चावी त्याच्याचकडे होती, त्यानं शटर वर केलं. आत टर्पेंटाइनचा कोंदट वास, कोपऱ्यात डबे, आणि भिंतीला टेकून फिल्ममधल्यासारख्याच दोन फळ्या. मी जवळ गेले. फटकारे तेच, रंग तेच.

"अशीच चित्रं त्यांनी नेली ना?"

"चित्रं?" तो फळीकडे, मग माझ्याकडे बघायला लागला. "अवो, ह्या ब्रश पुसायच्या फळ्या. लाल संपलं, पिवळं घ्यायचं, मंग ब्रश पुसाय नको? फळी भरली की नवी. जुन्या आक्का, पेंटरची मंडळी, चुलीत घालायच्या. त्यो डायरेक्टर त्याच मागाय लागला, तवा आमी म्हनलं, घिऊन जा की बाबा, जळनच हाय."

मुंबईच्या दालनात पांढऱ्या भिंतीवर, वरून दिवे सोडून टांगलेल्या त्या फळ्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. समीक्षकांचं 'अवकाश' आठवलं. मला जोरात हसायला आलं आणि मी मागे सरले, तो फळकुटावरचा एक डबा कलंडला. वरच्या सायीखाली रंग अजून ओला होता. माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत तांबड्याचा ओघळ. पंक्चरवाल्यानं पेट्रोलचं फडकं दिलं. डाग पसरला, वास लागला, आणि पुढचे दोन दिवस मी तशीच हिंडले.

पत्नीचं नाव शकुंतला, गाव त्यांना शकूआक्का म्हणतं आणि पेंटरांना आप्पा. मी नमस्कार केला, त्यांनी "जय भीम" म्हणून आत घेतलं आणि आधी कुर्त्याकडे बोट दाखवलं, "दुकानात गेला व्हता जनू!" मला कोण, कुठली हे विचारायच्या आधी त्यांनी भाकरी टाकली. आमच्याकडे पाहुण्याला 'चहा घेणार का' असं विचारतात, म्हणजे नको म्हणायला वाट राहते. इथं ताटच पुढे आलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचं कालवण, आणि हो, कांदा. त्या विळीवर कांदा चिरायला बसल्या आणि डोळ्यांना धार लागली. मी नुसती पाहत होते.

"ती पोरं दुसऱ्यांदा आली तवाबी मी कांदंच चिरीत व्हते," त्या आपणहून म्हणाल्या. "म्हनली, आप्पांची आठवन येती का? म्हनलं, येती की. इतक्या वर्साचा संसार, घर खायला उठतं."

"पण आप्पा गेले कशाला? म्हणजे शिरूरला?"

आक्कांनी विळी आडवी केली. "मी एक शब्द बोलले. एकच! तेबी त्या पोरांच्या म्होरं. तर ह्यो मानूस पिशवी भरून लेकीकडं जाऊन बसला. आता आनायला म्या जायचं व्हय? म्या न्हाई जानार."

"कोणता शब्द?"

"ते त्यास्नीच इचारा," म्हणून त्यांनी दुसरी भाकरी माझ्या ताटात टाकली.

शिरूर

रात्री आक्कांकडेच राहिले. सकाळी पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली. न्हावऱ्यानंतर उसाची गर्दी कमी होते, कांद्याची शेतं लागतात, आणि रस्त्यावर रांजणगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या पाळी सुटलेल्या माणसांना घेऊन धावत असतात. बसमध्ये झाडून सगळे झोपलेले. शिरूरला पोचल्यावर मासवडी खाल्ली. नावात मासा आहे म्हणून माझ्या शाकाहारी मैत्रिणी तिला हात लावत नाहीत. आत नुसतं तीळ-खोबरं-लसणाचं सारण आणि बेसन. मीही वेटरला दोनदा विचारूनच खाल्ली, हे कबूल.

लेकीचं, रंजनाचं, घर तिसऱ्या मजल्यावर. जावई कंपनीत पाळीवर गेलेले. दार अर्धवट उघडलं. "आप्पा आहेत का?" म्हटल्यावर ती गोंधळली आणि आतल्या खोलीतून भरघोस आवाज आला, "सांग, पेंटर वारला म्हनून!"

"आप्पा, असं काय बोलताय!" ती कळवळली आणि मला दबक्या आवाजात म्हणाली, "ह्यांनी मोबाइलवर त्या फिल्मची जाहिरात दाखवली तवापासून हे असं चाललंय. बाहेर पडत न्हाईत. म्हनत्यात, कुनी बघितलं तर बोंब व्हईल."

मी सरळ आत गेले. पलंगावर एक उंच, हाडापेरानं मोठा म्हातारा, करड्या मिशा, इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की वाटलं, संशयाच्या धंद्यात आपल्याला जोड मिळाली.

"त्या डायरेक्टरकडनं आलाय का दालनातनं?"

"कुठूनच नाही. मी फिल्म निवडते."

"मंग कुरत्यावर आमचा तांबडा कसा?" त्यांनी डाग अचूक ओळखला. झालेली गंमत सांगितली तेव्हा मिशीत हसू आलं, पण तेवढंच.

मी म्हटलं, आप्पा, तुम्ही जिवंत आहात हे मी आत्ता सांगितलं तर फिल्मच्या शेवटची ती निधनाची अक्षरं निघतील, प्रदर्शनातला 'दिवंगत' निघेल. तर त्यांनी हात आडवा केला. "नगा सांगू."

"का?"

"ऐका. तालुक्यात माझ्यासारखं अक्षर कुनाचं न्हाई, ही बढाई न्हाई, इचारा कुनालाबी. फ्लेक्स आलं आन् पाट्या संपल्या, ते जाऊ द्या. पन आमच्या विहारात आख्खी भिंत हाय. बुद्ध हायेत, पिंपळाखाली. म्या काढलेत. माझं चित्र म्हंजी ती भिंत! त्या पोराला हाताला धरून नेलं. तर म्हनतो, आप्पा, ये तो कॅलेंडर जैसा है. आन् चार दिवस मला पुसायच्या फळीपुढं बशिवलं. म्हने, बोलू नका, नुस्तं बघा. काय बघू? मी काय येडा हाय का?"

रंजना चहा घेऊन आली होती, ती मान फिरवून हसली.

"जित्तेपनी ह्यांनी फळ्या दाखवल्या," आप्पा म्हणाले. "मेलेल्या मानसाची समद्यांना कीव येती. मेलेल्याची भिंतबी दाखवतील. तवा मला मेलेलाच ऱ्हाऊ द्या, आन् त्यास्नी सांगा, पेंटरची शेवटची इच्छा व्हती. भिंत दाखवा."

आता घ्या! ज्याचा जीव वाचवायला मी आले, तोच मरायला तयार. माझ्या मनात भलतंच आलं. म्हातारा आणि तो दिग्दर्शक आतून एक तर नाहीत? मी तिथेच फोन लावला, आवाज मोठा केला. दिग्दर्शक मुंबईचा, मराठी नुकतं शिकलेला. मी म्हटलं, सुदाम पेंटर माझ्यासमोर बसून चहा पिताहेत.

त्यावर तो म्हणाला, "मॅडम, शेजारी बोलला, पेंटर गेले. 'गेले' म्हणजे एक्सपायर, हो ना? आमच्या टीचरनं तसं शिकवलं. और वाइफ रो रही थी."

"कांदा चिरत होत्या त्या!"

त्या मुलाची चूक खरी असेलही, मराठी माणसालाही तिथे एक क्षण चकवा पडला होता, मलाच पडला होता. पण त्यानं आप्पा कसे आहेत हे विचारलं नाही. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, ये और किसी को पता है क्या?"

मी फोन बंद केला. आप्पांनी बशीतला चहा संपवला आणि मिशा पुसल्या. "बघितलं? त्यालाबी मी मेलेलाच पायजे. मंग अडलंय कुठं?"

मला त्या दिग्दर्शकाचा राग आला आणि आप्पांचा त्याहून जास्त. मी म्हटलं, "भिंत बघितल्याशिवाय मी कुणालाच काही सांगणार नाही. चला राहूला."

"बघनार म्हंजी फोटू काढनार आन् जानार."

"फोन गाडीत ठेवते. नुसती बघणार."

त्यांनी खुंटीवरचं उपरणं काढलं. मग रंजनाला म्हणाले, "पिशवी भर."

विहार

संपूर्ण रस्ताभर आप्पा पदरानं तोंड झाकणाऱ्या नव्या नवरीगत उपरण्यात चेहरा लपवून बसले होते. मेलेला माणूस पुढच्या सीटवर दिसायला नको ना! वाटेत मी विचारलं, आक्का कोणता शब्द बोलल्या? तर म्हणाले, "रस्त्याकडं बघा." 

विहाराच्या दारात आक्का आधीच उभ्या होत्या. रंजनानं फोन केला असणार. नवराबायको एकमेकांशी बोलले नाहीत. आक्कांनी दार उघडलं, आम्ही चपला काढल्या, आणि मी समोर फरशीवर बसले. आप्पा समोर जरा बाजूला उभे राहिले, भिंतीकडे पाठ करून, माझ्या तोंडाकडे बघत.

पिंपळ सुंदर होता. पान न् पान वेगळं, शिरांसकट, काही पानं वाऱ्यानं उलटलेली, त्यांची पाठ फिकी. चीवराच्या चुण्या अशा की बोटानं उचलाव्यात. मांडीवरचा हात शांत, भरलेला. हे कॅलेंडर म्हणणाऱ्याला चष्मा लागलाय, असं मी मनातल्या मनात म्हटलं. मग चेहऱ्यापाशी आले आणि थांबले. पुन्हा हातापासून वर आले, पुन्हा तिथेच थांबले.

आणि माझ्या जिभेवर 'छान आहे' आलं. अगदी तयार, गोड. जन्मभर मी पडद्यावरच्या लोकांवर चिडत आले की खोटं का बोलता, आणि आता खोटं बोलायला मला काही लागणार नव्हतं. म्हातारा एवढ्या आशेनं उभा. या भिंतीसाठी तो मरायलाही तयार. छान आहे म्हणायचं, भिंत दाखवायला लावायची, आणि निघायचं.

"कसं झालंय?" आप्पांनी विचारलं.

"खरं सांगू?"

"मंग काय खोटं ऐकाया इथवर आलो व्हय?"

"पिंपळ फार सुंदर आहे. हात तर विचारूच नका. पण आप्पा, डावा डोळा वर गेलाय."

मग दारातून आक्कांनी फाडकन टाळी वाजवली. "ह्येच! ह्येच म्हनले व्हते मी! डावा डोळा वर गेलाय! एवढ्या एका शब्दावर घर सोडून गेले की वो हे!"

"तू बायको हायस," आप्पा गुरगुरले. "बायकोचं धरत न्हाईत."

"आता ह्यांचं धरा मंग! ह्या तर पुन्याच्या हायेत!"

आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. एक डोळा मिटला, हात लांब केला, अंगठा धरला. पुढे गेले, मागे आले. माझ्या बाजूला फरशीवर उकिडवे बसले आणि तिथून बघितलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मला वाटलं, आता हा माणूस रडतो तरी नाही तर मला बाहेर काढतो तरी.

"किती वर हाय?" त्यांनी विचारलं.

"गव्हाच्या दाण्याएवढा."

"व्हय," ते म्हणाले. "गव्हाएवढाच." मग माझ्याकडे वळले. "लोकं येत्यात, हात जोडत्यात, जात्यात. त्या पोरानं तर दारातनंच मान हालवली. बाई, ह्या भिंतीकडं एवढा येळ बसून कुनी बघितलंच न्हवतं. ही सोडून." त्यांनी आक्कांकडे बघितलं नाही, पण बोट त्यांच्याकडे केलं. आक्कांनी डोळ्यांना पदर लावला. या खेपेला तिथे कांदा नव्हता.

आप्पा गुडघ्यावर हात देऊन उठले. उपरणं काढून खांद्यावर टाकलं.

"त्या डायरेक्टरला फोन लावा," ते मला म्हणाले. "म्हनावं, पेंटरला आता मरायला सवड न्हाई. डोळा उतरवायचाय. शके, दुकानाची चावी आन."

शकूआक्का कधीच पंक्चरवाल्याच्या दिशेनं निघाल्या होत्या.